जिजीचे वय किती? एका दीर्घ आयुष्याचा हिशेब

बोरीकाठ (धागाकर्ता)

आमच्या आजीचे, जिला घरातल्या चार पिढ्या आणि अर्धे गाव ‘जिजी’ म्हणत असे, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी राहत्या घरी निधन झाले. दारावर येणारी माणसे आता थांबली आहेत, गंधमुक्ती आणि उत्तरकार्य पार पडले आहे, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत तिच्याविषयी सलग काही लिहून काढावे, असे आम्हा नातवंडांचे ठरले आहे. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो, कारण तिचे वय किती होते हे घरात कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. उत्तरकार्याच्या पत्रिकेत आम्ही ९७ छापले. आधार कार्डावर १ जानेवारी १९३० ही जन्मतारीख आहे, म्हणजे त्या हिशेबाने ९५. परंतु ती तारीख नोंदणी करणाऱ्या मुलाने अंदाजे वर्ष विचारून घातली होती, हे तेव्हा तिच्यासोबत गेलेल्या काकांना चांगले ठाऊक आहे. शाळेचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिने शाळेचे तोंड पाहिले नाही.

तिला स्वतःला वय विचारले की ती प्रसंग सांगत असे. तिचे माहेर यावल तालुक्यातले, फैजपूरपासून फार लांब नसलेले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले ते फैजपूरला; पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावठी साहित्यातून केली होती. जिजी वडिलांबरोबर तिथे गेली होती. कोण काय बोलले, यातले तिला काहीही आठवत नव्हते. तिला आठवत होती ती बांबूची उंच कमान, फुटलेल्या कपाशीच्या शेतासारख्या दूरवर पसरलेल्या पांढऱ्या टोप्या, आणि वडिलांनी घेऊन दिलेली गोडीशेव, जी परतीच्या वाटेवर धुळीत सांडली म्हणून ती घरापर्यंत रडत आली. इतके बारकावे लक्षात राहतात म्हणजे मुलगी नऊ-दहा वर्षांची असणार, असे आमच्या वडिलांचे म्हणणे, आणि पत्रिकेतला ९७ चा आकडा त्यातूनच आलेला आहे.

पुढचे टप्पे असे. लग्न १९४५ च्या वैशाखात झाले, हे नक्की, कारण आजोबांच्या वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत त्या लग्नाचा खर्च लिहिलेला आहे. लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर होती, म्हणून पंगतीला गुळाचे गोड केले. सावद्याला आगगाडीत बसून, भुसावळला गाडी बदलून, सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने नवरीला अमळनेरला आणि तिथून दमणीत (छोट्या बैलगाडीत) बसवून गावी आणले. थोरल्या आत्याचा जन्म १९४८ चा. त्यानंतर सात बाळंतपणे, त्यांतली दोन मुले वर्षाच्या आत गेली. आजोबा १९८८ मध्ये गेले. त्यानंतरची छत्तीस-सदतीस वर्षे तिने आमच्या घरात, ओट्यावरच्या त्याच कोपऱ्यात, सर्वांवर लक्ष ठेवत काढली.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मात्र मला थोडे थांबून लिहायचे आहे. त्या वर्षी आमची विहीर आटली, बैल विकले, आणि जिजी गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. हाताच्या अंगठ्याला आणि त्याशेजारच्या बोटाला चिंधी बांधून, डाव्या हाताने दगड धरून उजव्या हाताने हातोडा मारायचा. दगड शिरेवर पडला तर दोन घावांत फुटतो, नाहीतर नुसता उडतो आणि नडगीवर लागतो, हे ती आम्हाला प्रत्यक्ष बसून दाखवत असे. संध्याकाळी ढिगाचे माप होई. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे तिला लिहितावाचता येत नसताना पक्के ठाऊक होते, आणि मुकादमाने माप कमी धरले तर लांबी-रुंदी-उंची वितींनी मोजून ती त्याला तिथल्या तिथे हिशेब करून दाखवी. कामावर मिळणारी सुकडी (दुष्काळी कामावर वाटले जाणारे कोरडे खाद्य) ती स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून घरी आणत असे. धाकटे काका अजून सांगतात की, त्या सुकडीला लुगड्याचा वास यायचा. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी मात्र तिने शेवटपर्यंत माफ केली नाही. दादर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या माणसाला ते धान्य गिळवत नाही, असे ती म्हणे.

माझे विचारणे दोन गोष्टींचे आहे. एक, १९३० च्या आसपासची जन्मनोंद शोधायची तर कुठे आणि कशी? दुसरे, आपापल्या घरातील अशा आजी-पणजींचा काळ आपण कसा निश्चित केला? आठवणीही अवश्य लिहा.

जुना_अव्वल_कारकून

प्रथम आपल्या जिजींना आदरांजली.

महसूल खात्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. त्या काळी गावातल्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल ठेवत असे. तिला लोक कोतवाल बुक म्हणतात, कागदोपत्री ती गाव नमुना नंबर १४. ही पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. आपल्या जिजींचे माहेर यावल तालुक्यात असल्याने अमळनेरला शोधून उपयोग नाही, यावलला अर्ज करावा लागेल. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींची शोधमोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा ही पुस्तके बाहेर काढून तपासली गेली आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची पाने संगणकावरही आली आहेत, त्यामुळे पूर्वीपेक्षा काम सोपे झाले आहे. वर ‘पूर्व खानदेश’ असा जिल्हा दिसेल, कारण १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगावकडचा भाग पूर्वेत आला. अक्षर मोडी असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो, म्हणजे तिथे गेल्यावर निराशा होणार नाही. मुलगी जन्मली असेल तर तिचे नाव बहुधा सापडणार नाही. बापाचे नाव, जात, तारीख आणि पुढे ‘मुलगी’, एवढेच असते. बारसे व्हायच्या आधीच नोंद होत असे आणि नंतर ते नाव लिहायला कोणी परत येत नसे.

मृत्यूच्या दाखल्यावर आधारप्रमाणे वय लागले असेल तर ते तसेच राहू द्यावे. वारस लावण्याच्या कामात त्याने काही अडत नाही आणि दुरुस्तीच्या मागे लागल्यास वर्ष जाईल.

भुसावळची_नात

दादा, धागा वाचून बरे वाटले, पण ९७ ला माझा विरोध मी घरीही केला होता आणि इथेही नोंदवते. फैजपूरची गोष्ट जिजीने मला किमान शंभर वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी त्यात एक वाक्य असायचे की, कमान दिसावी म्हणून वडिलांनी तिला खांद्यावर बसवले होते. कामाच्या घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला त्या काळात कोणी खांद्यावर घेत नसे; त्या वयाची मुलगी स्वतःच्या कडेवर धाकटे भावंड घेऊन चालत असे. आणि टोप्यांचे जे शेत तिला दिसले, ते जमिनीवर उभ्या असलेल्या पोरीला दिसणार नाही, त्यासाठी उंचावरच बसावे लागते. माझ्या मते ती तेव्हा पाच-सहा वर्षांची होती.

दुसरा पुरावा शिरपूरच्या मावशींचा. त्या जिजीच्या सख्ख्या धाकट्या बहीण, आज हयात आहेत आणि स्मरणशक्ती आपल्या दोघांपेक्षा बरी आहे. त्या म्हणतात की, जिजी त्यांच्याहून चार उन्हाळ्यांनी मोठी. मावशी तिसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या आणि त्यांच्या दाखल्यावर १ जून १९३५ आहे. आता १ जूनवर विश्वास ठेवायचा नाही हे मला कळते, गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनलाच जन्माला घातले आहे, पण वर्ष तरी जवळपासचे धरता येईल.

तापीपार

आमची माय (आम्ही आजीलाही मायच म्हणत असू) रावेरकडची. तिच्या बाबतीत काळ निश्चित करायला आम्हाला विहिरीने मदत केली. मळ्यातली विहीर खोदली ते साल दगडावर कोरलेले होते, आणि त्या विहिरीला पाणी लागले त्या दिवशी माय बाळंतीण होऊन सव्वा महिना झाला होता, हे घरात सर्वांना पाठ होते. त्यावरून मामांची जन्मतारीख निघाली, आणि मामा तिचे तिसरे अपत्य असल्याने मागे मागे जात आम्ही तिच्या लग्नापर्यंत पोहोचलो. त्याच्या अलीकडे मात्र काहीही हाती लागले नाही. बोरीकाठ भाऊ, आपल्याकडे फैजपूर तरी आहे.

पांझरा

या धाग्यावर आदराने एक वेगळा सूर लावते. आज्यांविषयी लिहिताना आपण त्यांचे कष्ट फार गोड करून सांगतो. सुकडी पदरात बांधून आणणे ही माया होतीच, पण जिने दिवसभर खडी फोडली तिने उपाशी राहायचे आणि त्याबद्दल तिचे पन्नास वर्षे कौतुक व्हायचे, ही घराची रीत होती, तेही लिहिले पाहिजे. आपण तिच्या वयाचा शोध घेत आहात तर मला असे विचारावेसे वाटते की, एवढ्या मोठ्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या नावावर काय होते?

नाव हा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या हे खरे, पण कोतवाल बुकातली ती ‘मुलगी’ आणि यादीतली ती ‘बायको’ एकाच घरातल्या.

बोरीकाठ (धागाकर्ता)

पांझराताई, प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडक्यात देता येते, कारण फारसे काही नव्हते. आजोबा जाईपर्यंत शेतीच्या उताऱ्यावर तिचे नाव नव्हते. १९८८ नंतर वारसांच्या फेरफारात मुलांबरोबर तिचे नाव सातबाऱ्यावर चढले. तो उतारा ती घडी घालून पंचांगात ठेवत असे आणि घरी कोणी शिकलेला पाहुणा आला की त्याच्याकडून त्यातले स्वतःचे नाव वाचून घेत असे. आम्ही लहानपणी या गोष्टीला हसत होतो. माहेरच्या जमिनीत तिने आणि शिरपूरच्या मावशींनी भावाला हक्कसोड करून दिले, अंगठा उठवून, आणि त्याबद्दल भाऊ दर आखाजीला तिला मुराळी पाठवून माहेरी नेत असे. हा सौदा न्याय्य होता का, यावर ती कधी बोलली नाही. एक म्हैस मात्र पूर्णपणे तिची होती, तुपाचे पैसे तिच्याकडेच असत, आणि माझी कॉलेजची पहिली फी त्या पैशांतून भरलेली आहे.

सुकडीबद्दल आपण लिहिले ते धाकट्या काकांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की, “आम्ही तिला कधी विचारलंच नाही, तू काय खाल्लंस म्हणून.”

धाकटी_काकू

मी त्यांची धाकटी सून. सासूविषयी सुनेने लिहिले तर एकतर गाऱ्हाणे होते किंवा आरती, म्हणून आतापर्यंत गप्प होते. पण इथे सगळी नातवंडेच लिहीत आहेत आणि नातवंडांना जिजींची एकच बाजू ठाऊक आहे.

जिजी कडक होत्या. दुधाची साय मुलांना आणि ताक मुलींना, हा भेद त्यांनी माझ्या घरात, माझ्यासमोर केला, आणि मी त्यावरून त्यांच्याशी भांडलेली आहे. भुसावळच्या नातीला हे आठवत असेल. ती दहावीला पहिली आली त्या दिवसापासून मात्र साय तिला मिळू लागली, आणि त्याबद्दल त्यांनी एका शब्दानेही काही कबूल केले नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला खापरावरची पुरणपोळी येत नव्हती. आमच्याकडे, नाशिककडे, पोळी लाटून तव्यावर टाकतात. इथे आखाजीला जावई आणि लेकी आलेल्या, आंब्याचा रस काढलेला, चूल पेटलेली, आणि मी नुसती उभी. जिजींनी मला बाजूला घेतले नाही की शिकवतेही म्हटले नाही. त्यांनी वस्त्रगाळ पिठाची तेल लावून तिंबलेली सैल कणीक माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसून एक पोळी केली, मुद्दाम सावकाश. पुरण भरून उंडा थोडा थापायचा, मग तो दोन्ही हातांच्या पंजांवरून मनगटांपर्यंत फिरवत फिरवत वाढवायचा, बोटांची टोके कुठेही लागू द्यायची नाहीत, आणि पोळीतून आरपार हात दिसू लागला की एका झोकात पालथ्या खापरावर सोडून द्यायचा. सोडताना मन कचरले की पोळी फाटते. माझ्या पहिल्या कितीतरी फाटल्या. फाटलेली प्रत्येक पोळी जिजींनी स्वतःच्या ताटात घेतली, म्हणजे पंगतीत ती कोणाला दिसली नाही. त्या रात्री मी परसात रडत होते तर तिथे येऊन म्हणाल्या, “पहिले जेवी ले, मंग रडजो.” माझे जेवण होईपर्यंत समोर बसून राहिल्या. जेवल्यावर रडू आले नाही.

शेवटची दोन वर्षे त्या अंथरुणावर होत्या. दिसत कमी होते, ऐकू चांगले येत होते. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असले की तिकडून सांगायच्या, पीठ कोमट पाण्यात भिजवले आहेस, कढत घे. थापण्याच्या आवाजावरून त्यांना कळायचे. हे खोटे वाटेल, पण मी दोनदा मुद्दाम करून पाहिले आहे.

दादर_भाकर

काकू, हे वाचून माझी आजी आठवली. कळण्याच्या भाकरीत उडीद किती पडला आहे हे ती वासावरून सांगत असे आणि गिरणीवाल्याशी त्यावरून भांडत असे. जिजींना नमस्कार.

बोरीकाठ (धागाकर्ता)

कारकूनसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही यावलला जाऊन आलो. अर्ज दिला, दुसऱ्या खेपेला पुस्तक पाहायला मिळाले. पाने मोडीत होती. सोबत निवृत्त शिक्षक होते, त्यांनी ती वाचून दिली. १९२५ ते १९३६ पर्यंतची पाने पाहिली. जिजीच्या वडिलांच्या नावापुढे तीन नोंदी सापडल्या. पहिली १९२७ ची: ‘मुलगी’. दुसरी ऑगस्ट १९३१ ची: ‘मुलगी’. तिसरी मार्च १९३५ ची: ‘मुलगी’. नाव एकीलाही नाही. मृत्यूच्या नोंदीही त्याच पुस्तकात आहेत, आणि १९२९ मध्ये त्याच वडिलांच्या नावे दोन वर्षांची एक मुलगी तापाने गेल्याची नोंद आहे.

म्हणजे मार्च १९३५ ची शिरपूरची मावशी, १९२७ ची ती जी दोन वर्षांची होऊन गेली, आणि ऑगस्ट १९३१ ची आमची जिजी. भुसावळच्या नातीचा हिशेब बरोबर निघाला: फैजपूरला ती पाच वर्षांची होती आणि खांद्यावर बसूनच गेली होती. गेली तेव्हा तिने ९३ पूर्ण केली होती. पत्रिकेतला ९७ हा आकडा जर कोणाच्या जन्माशी जुळत असेल तर तो त्या पहिल्या मुलीच्या.

वडिलांना हे सांगितले तेव्हा आधी ते मानायला तयार नव्हते. आईचे वय चार वर्षांनी कमी होणे त्यांना आई थोडी लवकर गेल्यासारखे वाटले असावे.

भुसावळची_नात

दादा, तारीख सापडली याचा आनंद आहे, पण एक गोष्ट आपण कोणी अजून बोलून दाखवलेली नाही. ऑगस्ट १९३१ चा जन्म आणि १९४५ चा वैशाख, म्हणजे लग्नाच्या दिवशी जिजीला चौदावे वर्ष पुरे झालेले नव्हते. शारदा कायदा १९३० पासून लागू होता आणि त्यात मुलीचे वय किमान चौदा धरले होते. म्हणजे आपल्या घरातले हे लग्न त्या काळच्या कायद्यातही बसत नव्हते. थोरल्या आत्या झाल्या तेव्हा ती फार तर सतरा वर्षांची असेल. ९७ म्हणत होतो तोवर ती सतरा-अठरा वर्षांची नवरी होती आणि सावद्याहून अमळनेरपर्यंतचा तो आगगाडीचा प्रवास आपण हौसेने सांगत होतो. आता त्या गाडीत तेरा वर्षांची मुलगी बसलेली आहे. माझी धाकटी आज त्याच वयाची आहे, आणि तिला भुसावळहून जळगावला एकटी पाठवायला मी तयार नसते.

कोणावर आरोप करायचा म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही जे लिहून काढणार आहात त्यात हे वय स्पष्ट आकड्यात यावे, एवढीच विनंती आहे.

पांझरा

नातीच्या या विनंतीला माझे पूर्ण अनुमोदन.

बोरीकाठ (धागाकर्ता)

येईल, तेरा वर्षे नऊ महिने असे आकड्यातच येईल. वडिलांशी बोललो आहे. त्यांनी फक्त एवढे सांगितले की, आजोबाही तेव्हा अठरा वर्षांचेच होते आणि लग्नानंतर दोन वर्षे ती बहुतेक माहेरीच असे, तेही लिही. दोन्ही लिहीन.

अजून एक उणीव आहे. तिन्ही नोंदींत वडिलांचे नाव आहे, आईचे कुठेच नाही. जिजीच्या आईला, म्हणजे आमच्या वडिलांच्या आजीला, घरात सगळे ‘मोठमाय’ म्हणत. तिचे खरे नाव काय होते, हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नाही. वंशावळीच्या पानावर तिथे रिकामी जागा आहे.

जुना_अव्वल_कारकून

शोध पूर्णत्वास गेला याचे समाधान वाटले. आईच्या नावाबाबत कागदाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे, यावरूनच आधीची स्थिती लक्षात यावी. हक्कसोडीच्या दस्तात किंवा आजोळच्या जुन्या फेरफारात विधवा वारस म्हणून त्या बाईंचे नाव लागले असण्याची शक्यता आहे, विशेषतः त्यांचे यजमान आधी वारले असतील तर. त्या गावचे फेरफार रजिस्टर एकदा पाहून घ्यावे.

धाकटी_काकू

मला यात एक भर घालायची आहे. आखाजीला घागर भरताना आपल्याकडे उंबरठ्यावर कुंकवाची बोटे उमटवत एकेका पितराचे नाव घेतात. ते काम जिजी करत, अंथरुणाला खिळेपर्यंत दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. सासरची सगळी नावे मोठ्याने घेऊन झाली की शेवटी त्या दोन बोटे जास्त उमटवत, आणि ती नावे मात्र ऐकू येत नसत, नुसते ओठ हलत. मी एकदा विचारले होते तर म्हणाल्या, “ती माझी आहेत.” एक बोट आईचे असावे, असे मी तेव्हा मनाशी धरले होते. दुसऱ्याचा उलगडा होत नव्हता.

भुसावळची_नात

काकू, दुसरे त्या थोरल्या बहिणीचे असणार. १९२९ मध्ये गेलेली.

धाकटी_काकू

असेलही, पण मी खात्रीने म्हणणार नाही. त्यांची स्वतःची दोन मुले पाळण्यात गेली, ती दोन बोटे त्यांचीही असतील. आणि जी बहीण आपल्या जन्माआधी दोन वर्षे गेली तिचे नाव त्यांना ठाऊक तरी होते की नाही, हे सांगता येत नाही. त्यामुळे दादा, हे लिहिताना दोन बोटे एवढेच लिहावे, कोणाची ते लिहू नये.

या आखाजीला घागर मी भरणार आहे. नवी घागर आणि डेरगे सांगून ठेवले आहे, डांगर आणि सांजोऱ्यांचे काम थोरल्या जाऊबाईंकडे आहे. उंबरठ्यावर मोठमायचे नाव घ्यायचे तर ते आधी कळायला हवे, आणि ते सांगू शकेल असे माणूस आता एकच उरले आहे. शिरपूरला मावशींना फोन लावला होता. त्या दुपारच्या झोपल्या आहेत, चारनंतर कर म्हणून सुनेने सांगितले. कळले की इथेच लिहिते.